५१२ व्या पातळीखाली काय होते?

इंटरनेटवरचे कोणतेही पान उघडले की ते आपल्याला वर्तमानपत्राच्या पानासारखे सपाट दिसते. वर मथळा, खाली मजकूर, बाजूला एखादे छायाचित्र. वस्तुतः ते सपाट नसते. डब्यात डबा, त्या डब्यात आणखी एक डबा अशा रीतीने ते रचलेले असते. ब्राउझर नावाची आज्ञावली हे डबे एकेक करून उघडते, कोणता डबा कोणाच्या पोटात आहे याची नोंद ठेवते आणि त्या नोंदीप्रमाणे पान आपल्यापुढे मांडते. डबे पाच-दहा किंवा वीस-पंचवीस असतील तर अडचण नाही. पण एकात एक असे पाचशे, हजार, दहा हजार डबे कोणी ठेवले तर ब्राउझर काय करतो? अगदी आतल्या डब्यातला मजकूर आपल्यापर्यंत पोहोचतो काय?

प्रश्न वरवर पाहता रिकामटेकड्या इंजिनिअरचा वाटेल. चळवळीच्या वाचकाला याच्याशी काय देणेघेणे, असेही कोणी विचारील. आम्हाला तसे वाटत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, नोकरभरतीची जाहिरात, सातबाराचा उतारा, बँकेचे खाते, हे सारे आज ब्राउझरच्या खिडकीतूनच येते. पूर्वी कचेरीतला कारकून खिडकी बंद करीत असे तेव्हा ते निदान डोळ्यांना दिसत तरी होते. ब्राउझर एखादी गोष्ट गाळतो तेव्हा काही गाळले गेले हेसुद्धा समजत नाही. तेव्हा काय दाखवायचे, काय गाळायचे आणि काय भलत्याच जागी नेऊन ठेवायचे याचे नियम कोण करतो, ते कोठे लिहिलेले आहेत, आणि लिहिलेले आहेत की नाहीत, हे आपण समजून घेतलेच पाहिजे.

आधी रचना समजून घेऊ. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली आणि १९९० मध्ये पहिला ब्राउझर लिहिला. पाने लिहिण्यासाठी त्यांनी जी खुणांची भाषा वापरली ती एचटीएमएल. या भाषेत प्रत्येक गोष्टीला एक खूण, म्हणजे टॅग, असतो. परिच्छेद सुरू झाला की एक टॅग, संपला की दुसरा. ठळक अक्षरे सुरू झाली की एक, संपली की दुसरा. उघडणारा आणि बंद करणारा टॅग यांच्यामध्ये जे येईल ते त्या घटकाच्या पोटात. ब्राउझर हे टॅग वाचत जातो आणि मनात एक झाड तयार करतो. मुळाशी संपूर्ण पान, त्याला फुटलेल्या फांद्या म्हणजे पानाचे भाग, त्यांना फुटलेल्या फांद्या म्हणजे परिच्छेद, तक्ते, याद्या. या झाडाला डॉम असे म्हणतात. १९९८ साली डब्ल्यू३सी या संस्थेने त्याचे पहिले मानक प्रसिद्ध केले.

आता हे झाड फिरून पाहायचे कसे? ब्राउझरच्या आज्ञावलीतील सर्वात स्वाभाविक पद्धत अशी की, एका घटकाची मांडणी करायची झाली तर आधी त्याच्या पोटातील घटकाची मांडणी करावी. त्याची करायची तर त्याच्याही पोटातील घटकाची करावी. म्हणजे तेच काम स्वतःला पुन्हा पुन्हा बोलावते. आतले काम पूर्ण होईपर्यंत बाहेरचे काम अर्धवट राहते आणि त्या अर्धवट कामाची नोंद संगणकाला कोठे तरी ठेवावी लागते. या नोंदी मडक्यावर मडके ठेवावे तशा एकावर एक रचल्या जातात. शेवटी ठेवलेले मडके प्रथम काढायचे. या उतरंडीला संगणकाच्या भाषेत स्टॅक म्हणतात. घर कितीही मोठे असो, उतरंड छपरापर्यंतच जाते. तसेच येथेही आहे. संगणकाची एकूण स्मृती कितीही जीबी असली तरी आज्ञावलीच्या मुख्य धाग्याला उतरंड रचण्यासाठी मिळणारी जागा ठरावीक असते. विंडोजमध्ये ती मुळात साधारणपणे १ एमबी, लिनक्समध्ये ८ एमबी. पानाची खोली वाढत गेली की एक क्षण असा येतो की पुढचे मडके ठेवायला जागाच उरत नाही. मग उतरंड कोसळते, म्हणजे आज्ञावली बंद पडते.

नेमके येथेच ब्राउझर बनवणाऱ्यांना निर्णय घ्यावा लागतो. कोणीतरी चुकून किंवा मुद्दाम दहा हजार पातळ्यांचे पान बनवले म्हणून वाचणाऱ्याचा ब्राउझर कोसळू देणे योग्य नाही. म्हणून ते एक मर्यादा घालून घेतात. गुगलच्या क्रोम ब्राउझरमध्ये ब्लिंक नावाचे इंजिन आहे. पान वाचणाऱ्या त्याच्या भागात ही मर्यादा ५१२ पातळ्यांची आहे. ५१२ हा काही निसर्गाचा नियम नव्हे. २ चा नववा घात, संगणकवाल्यांच्या नेहमी हाताशी असणारा एक आकडा, एवढेच. ब्लिंक हे २०१३ साली ॲपलच्या वेबकिटपासून वेगळे झालेले इंजिन आहे आणि वेबकिटमध्येही हाच आकडा आहे.

पाचशे बारा पातळ्या ओलांडल्यावर पुढचा टॅग आला तर ब्लिंक तो फेकून देत नाही. तो त्याला आणखी खाली उतरू देत नाही, एवढेच. जो घटक आपल्या पालकाच्या पोटात जायला हवा होता त्याला तो पालकाच्या शेजारी नेऊन बसवतो. त्याच्या पुढच्यालाही तसेच. म्हणजे पाचशे बारापर्यंत विहिरीसारखी खोल गेलेली रचना तेथून पुढे जमिनीसारखी सपाट होते. मजकूर बहुधा दिसतो. पण कोण कोणाच्या पोटात आहे हे नाते तुटते. आतला उपमुद्दा मुख्य मुद्द्याच्या बरोबरीने दिसू लागतो, बाहेरच्या घटकाकडून वारशाने मिळणारा रंग, आकार मिळत नाही. आणि याबद्दल वाचणाऱ्याला कोणतीही सूचना मिळत नाही.

मोझिलाच्या फायरफॉक्सने दीर्घकाळ वेगळा मार्ग धरला होता. त्याच्या गेको इंजिनात मांडणीसाठी २०० पातळ्यांची मर्यादा होती. त्याहून खोल असलेले घटक झाडात असत, पण त्यांची मांडणीच केली जात नसे. म्हणजे मजकूर पानात आहे, संगणकात उतरला आहे, मूळ प्रत उघडून पाहिली तर वाचताही येतो, पण पडद्यावर मात्र नाही. नंतरच्या काळात ही मर्यादा वाढवण्यात आली, आणि ती वाढवताना ब्लिंकच्या आकड्याचाच आधार घेण्यात आला. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण त्याकडे आम्हाला पुन्हा यायचे आहे.

तिसरा प्रकार जावास्क्रिप्टचा. वरील मर्यादा पान वाचणाऱ्या भागाची आहे. पण पान उघडल्यानंतर त्यातील आज्ञावलीही झाडाला नव्या फांद्या जोडू शकते, आणि एकेक फांदी थेट जोडताना ५१२ चा पहारा लागू होत नाही. अशा तऱ्हेने हजारो पातळ्यांचे झाड उभे राहू शकते, आणि मांडणी करताना उतरंड कोसळू शकते. २००८ साली क्रोम आला तेव्हा त्याने प्रत्येक टॅबचे काम शक्यतो वेगळ्या प्रक्रियेत ठेवण्याची पद्धत आणली. त्यामुळे एक टॅब मेला तरी संपूर्ण ब्राउझर मरत नाही. पण त्या टॅबमध्ये कोणी अर्धा अर्ज भरून ठेवला असेल तर तो मात्र जातो.

म्हणजे खोल गेलेल्या मजकुराच्या तीन गती झाल्या. सपाट होणे, अदृश्य होणे किंवा सगळ्यांसह कोसळणे. यातील कोणती गती तुमच्या वाट्याला यावी हे तुम्ही कोणता ब्राउझर वापरता यावर अवलंबून राहिले. प्रश्न असा की, एकाच पानाचे वाचन तीन ठिकाणी तीन प्रकारे का व्हावे? याचे उत्तर वेबच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास नियम लिहून ठेवण्याचे महत्त्व सांगणारा आहे.

१९९३ मध्ये मोझेक आला, १९९४ मध्ये नेटस्केप, १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर. त्या काळात पाने हाताने लिहिली जात आणि त्यात चुका असत. टॅग उघडून बंद न करणे, बाहेरचा आधी बंद करणे आणि आतला नंतर, हे सर्रास चाले. बरोबर पान कसे वाचायचे हे मानकात होते. चुकलेले पान कसे वाचायचे हे मात्र कोणी लिहिलेलेच नव्हते. म्हणून प्रत्येक ब्राउझर आपापल्या परीने अंदाज करी. तक्त्याचा टॅग बंद करायचा राहिला तर नेटस्केप ४ मध्ये तो तक्ता दिसतच नसे, आणि संपूर्ण पानच तक्त्यात मांडलेले असेल तर कोरा पडदा. इंटरनेट एक्सप्लोरर मात्र तेच पान व्यवस्थित दाखवी. एकमेकांत अडकलेल्या टॅगांसाठी तर इंटरनेट एक्सप्लोरर असे झाड बनवी की ज्याला झाडही म्हणता येणार नाही, कारण एकच फांदी दोन ठिकाणांहून फुटलेली. यातून झाले काय? ज्याच्याकडे बाजारपेठ त्याची चूक हाच कायदा झाला. नवा ब्राउझर बनवू पाहणाऱ्याला मानक वाचून उपयोग नव्हता. त्याला बलाढ्य कंपनीच्या ब्राउझरच्या खोड्या एकेक करून हुडकून त्यांची नक्कल करावी लागे.

२००४ साली ॲपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्याशी संबंधित मंडळींनी व्हॉटडब्ल्यूजी हा गट स्थापन केला. इयान हिक्सन हे त्याच्या मानकाचे संपादक होते. या गटाने जे काम केले त्याचे महत्त्व आम्हाला फार मोठे वाटते. त्यांनी चुकलेले पान कसे वाचायचे याचेही नियम पायरी-पायरीने लिहून काढले. कोणताही टॅग कोठेही, कशाही क्रमाने आला तरी त्यापासून कोणते झाड बनले पाहिजे हे त्यांनी ठरवून दिले. हेच पुढे एचटीएमएल५ झाले. डब्ल्यू३सीने त्याला २०१४ साली शिफारशीचा दर्जा दिला. फायरफॉक्सने २०११ मध्ये आपल्या चौथ्या आवृत्तीत हेन्री सिव्होनेन यांनी या नियमांनुसार लिहिलेला वाचक-भाग आणला.

या नियमांतील एकाचे उदाहरण येथे दिले पाहिजे, कारण त्याचा खोलीशी थेट संबंध आहे. समजा एका पानात १०० परिच्छेद आहेत आणि प्रत्येक परिच्छेदात ठळक अक्षरांचा टॅग उघडला आहे, पण एकदाही बंद केलेला नाही. लिहिणाऱ्याचा हेतू सांभाळायचा तर उघडा राहिलेला टॅग पुढच्या परिच्छेदात पुन्हा उघडला पाहिजे. म्हणजे पहिल्या परिच्छेदात एक, दुसऱ्यात एकात एक असे दोन, तिसऱ्यात तीन, शंभराव्यात शंभर. एकूण ५,०५० घटक! लिहिणाऱ्याने टॅग लिहिले १००, संगणकाने बनवले पाच हजारांवर. हे टाळण्यासाठी नियम असा केला की, हुबेहूब सारखे असे तीनच टॅग उघड्यांच्या यादीत ठेवायचे; चौथा आला की सर्वात जुना यादीतून काढायचा. या कलमाला मानकात नोहाच्या नौकेचे नाव आहे. दुसरा एक नियम एकमेकांत अडकलेल्या टॅगांचा. त्यात घटक एका पालकाकडून काढून दुसऱ्याच्या हवाली केले जातात, म्हणून त्याला दत्तकसंस्थेचे नाव आहे. तेथेही ही अदलाबदल जास्तीत जास्त आठ फेऱ्यांची, असे स्पष्ट लिहिलेले आहे. तीन म्हणजे तीन, आठ म्हणजे आठ. जगातल्या प्रत्येक ब्राउझरला तेच बंधन.

आमच्या मराठी वाचकांना यात आपलाही इतिहास दिसेल. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी संकेतस्थळे निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांवर चालत. मजकूर मुळात रोमन चिन्हांत साठवलेला आणि फाँटच्या टॅगमुळे तो देवनागरी दिसायचा. मध्येच इंग्रजी शब्द आला की फाँटचा टॅग बंद, पुन्हा मराठी आले की उघड. एका पानात असे शेकडो टॅग. यांतील एखाद्याचे नाते तुटले की मराठी वाक्याच्या जागी रोमन चिन्हांचा गोंधळ उभा राही. त्यांतील कित्येक पाने फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच नीट दिसत. इंग्रजी पानात घटकांचे नाते तुटले तर शोभा जाते. आपल्या पानात ते तुटले तर भाषाच जाते, हे आपण अनुभवलेले आहे.

नियम लिहिले गेल्याचा आणखी एक परिणाम सांगतो. अंध व अपंग व्यक्तींना वेब वापरता यावे म्हणून डब्ल्यू३सीने सुगमतेची मार्गदर्शक तत्त्वे केली आहेत. २००८ सालच्या आवृत्तीत एक कसोटी अशी होती की, पानातील टॅग नियमाप्रमाणे उघडलेले, बंद केलेले आणि एकात एक बसवलेले असले पाहिजेत. कारण पान वाचून दाखवणारी साधने चुकलेल्या रचनेत अडखळत. २०२३ सालच्या २.२ या आवृत्तीत ही कसोटी काढून टाकण्यात आली. लोक चुका करायचे थांबले काय? मुळीच नाही. पण चुका कशा दुरुस्त करायच्या याचा नियम सर्व ब्राउझरांत एक झाला, आणि ती साधनेही ब्राउझरने दुरुस्त केलेल्या झाडावर विसंबू लागली. लिखित नियमाने दुबळ्याच्या पाठीवरचे ओझे उतरते ते असे.

मग खोलीचे काय? एवढे बारकाईने लिहिलेल्या या मानकाने पानाच्या खोलीला मात्र आकडा दिला नाही. त्यात एवढेच म्हटले की, स्मृती संपू नये, कोणी हल्ला करून ब्राउझर बंद पाडू नये, अशा कारणांसाठी ब्राउझरने आपापल्या मर्यादा घालाव्यात. मर्यादा घालण्यास आमची हरकत नाही. मर्यादा हवीच. पण ती किती आणि तिच्यापलीकडे मजकुराचे काय करायचे हे प्रत्येकावर सोपवले की पुन्हा तोच जुना खेळ सुरू होतो. मायक्रोसॉफ्टने आपला एज ब्राउझर २०२० साली गुगलच्याच क्रोमियमवर आणला. ऑपेराने २०१३ सालीच तो मार्ग धरला होता. इंटरनेट एक्सप्लोररचा आधार २०२२ मध्ये संपला. फायरफॉक्सने आपली मर्यादा वाढवताना ब्लिंकच्या आकड्याचा आधार घेतला हे आम्ही वर सांगितलेच आहे. तेव्हा ५१२ हा आकडा चर्चेने ठरून मानकात आलेला नाही. तो बलवानाच्या आज्ञावलीत होता म्हणून इतरांनी मानला. रूढी अशीच तयार होते. आधी एकाची सोय, मग सर्वांची सवय, आणि शेवटी ती कोणी ठरवली हे विचारणारा अडाणी.

याने बिघडले काय, असे कोणी विचारील. हाताने लिहिलेल्या पानात ५१२ पातळ्या कधी होतात? खरे आहे, सहसा होत नाहीत. पानांची तपासणी करणाऱ्या गुगलच्याच लाइटहाउस या साधनाने कित्येक वर्षे ३२ पातळ्यांवर गेलेले पान अवाजवी खोल मानले. पण पाने आता हाताने लिहिली जातात कोठे? वर्डमधून मजकूर उचलून चिकटवला जातो, पाने बांधणारी तयार साधने एका डब्याच्या जागी पाच डबे घालतात, सदोष संपादक प्रत्येक वेळी जतन करताना जुन्या आवरणावर नवे आवरण चढवतो. खोली माणसाच्या नकळत वाढत जाते.

आणि बिघाड ५१२ वर सुरू होतो असेही नाही. एकात एक बसवलेल्या लवचिक चौकटींचे उदाहरण घ्या. आतल्या चौकटीला किती जागा लागेल हे आधी मोजायचे आणि मग प्रत्यक्ष मांडणी करायची, अशा दोन फेऱ्या होतात. प्रत्येक पातळीवर दोन फेऱ्या झाल्या तर दहाव्या पातळीवरील घटकाचे काम १,०२४ वेळा होते, आणि विसाव्या पातळीवर १०,४८,५७६ वेळा! क्रोमने २०१९ पासून मांडणीचे इंजिन नव्याने लिहून आणले. एकदा केलेले मोजमाप जपून ठेवून पुन्हा वापरण्याची सोय त्यात केली तेव्हा हा स्फोट आटोक्यात आला. तरीही खोलीची किंमत उरतेच. एक टिचकी मारली तरी तिची सूचना तळाच्या घटकापासून शिखरापर्यंत प्रत्येक पालकाकडे जाते. रंग आणि आकार वारशाने वरून खाली झिरपत येतात. हे सारे काम कोणाच्या यंत्रावर होते? पान बांधणाऱ्या कंपनीच्या वातानुकूलित खोलीतील महागड्या संगणकावर ते क्षणात होते. तेच पान खेड्यातील मुलगी आपल्या स्वस्त फोनवर उघडते तेव्हा फोन तापतो, पडदा गोठतो, आणि अर्जाची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही. बेफिकिरीने बांधलेल्या पानाची किंमत बांधणारा देत नाही, वाचणारा देतो. आणि ज्याचे यंत्र दुबळे तो अधिक देतो.

तिसरी बाब सुरक्षिततेची आहे आणि ती सर्वात गंभीर आहे. लोकांनी लिहून पाठवलेला मजकूर संकेतस्थळावर दाखवायचा असेल तर त्यात कोणी घातक आज्ञावली दडवलेली नाही ना, हे चाळून पाहावे लागते. बर्लिनच्या क्युअर५३ या संस्थेचे डॉमप्युरिफाय हे या कामासाठी जगभर वापरले जाणारे साधन आहे. ते मजकुराचे झाड बनवते, घातक फांद्या छाटते आणि उरलेले पुन्हा मजकूर म्हणून परत देते. ब्राउझर मग त्या मजकुराचे पुन्हा झाड बनवतो. दोन्ही वेळा झाड सारखेच बनेल हे यात गृहीत आहे. पण खोलीच्या मर्यादेपाशी पोहोचलेली रचना एकदा सपाट झाली की पुन्हा वाचताना तिचे झाड वेगळे बनू शकते. म्हणजे पहारेकऱ्याने तपासलेले पान एक आणि वाचकाला मिळालेले दुसरे! २०२४ साली सुरक्षा-संशोधकांनी नेमका हाच मार्ग दाखवून दिला. डॉमप्युरिफायमध्ये खोली मोजण्याची तपासणी घालण्यात आली. तीही चुकवता येते असे त्याच वर्षी उघड झाले आणि पुन्हा दुरुस्त्या कराव्या लागल्या. ब्राउझर कोसळू नये म्हणून घातलेली मर्यादाच आत शिरण्याची फट ठरली. मर्यादा होती हा दोष नव्हता. मर्यादेपाशी काय घडते हे पहारेकऱ्याने गृहीत धरलेले नव्हते, हा दोष होता.

कोणी म्हणेल, मर्यादा मानकात लिहिली तर उद्याच्या अधिक शक्तिमान यंत्रांना ती जाचक होईल. हा आक्षेप आम्हाला मान्य नाही. तीन आणि आठ हे आकडे मानकात लिहिले, त्याने कोणाचे काय अडले? लिहिलेला आकडा बदलता येतो, कारण तो कोठे आहे आणि बदलण्याचा मार्ग काय हे माहीत असते. न लिहिलेला आकडा बदलता येत नाही; तो फक्त पाळता येतो. म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. खोलीची मर्यादा आणि तिच्यापलीकडे मजकुराची वाट कोणती, या दोन्ही गोष्टी मानकात शब्दांत याव्यात. मर्यादा ओलांडली गेली की निदान पान बांधणाऱ्याला तरी ठळक इशारा मिळावा. आणि जनतेच्या पैशातून जी संकेतस्थळे बांधली जातात ती स्वस्त फोनवर आणि पान वाचून दाखवणाऱ्या साधनावर तपासल्याशिवाय स्वीकारली जाऊ नयेत. भारत सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वे केली आहेत आणि २०१६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदाही आहे. त्यांचे पालन होते की नाही हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे.

आमच्या तरुणांना आम्ही आणखी एक सांगू इच्छितो. संगणकाचे शिक्षण म्हणजे कोणत्या तरी कंपनीच्या साधनाची बटणे पाठ करणे, एवढेच आपल्याला शिकवले गेले आहे. पण क्रोमियमची मूळ आज्ञावली कोणालाही वाचायला खुली आहे, फायरफॉक्सची खुली आहे, एचटीएमएलचे मानक फुकट वाचता येते. दुरुस्ती सुचवायला कोणाच्या ओळखीची चिठ्ठी लागत नाही. ज्ञानाचा एवढा मोठा साठा कुलूप न लावता ठेवलेला असताना आपण दारातच उभे राहावे काय?

ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने एक साधा प्रयोग करावा. एका फाइलमध्ये डिव्ह या टॅगची सहाशे उघडणारी रूपे एकापाठोपाठ लिहावीत, अगदी आत आपले नाव लिहावे, आणि ती फाइल क्रोममध्ये उघडावी. मग उजवी टिचकी मारून तपासणीची खिडकी उघडावी आणि आपले नाव कितव्या पातळीवर आहे ते मोजावे. तेथे सहाशे भरणार नाहीत. ब्राउझरने वाटेतच हिशेब बदललेला दिसेल, आणि तो कोणी, कोणत्या अधिकाराने बदलला, हा प्रश्न आपोआप मनात येईल. तो प्रश्न घेऊन मानक उघडावे आणि वाचायला सुरुवात करावी.